हवालदार तात्यांची पाठ

सई आणि मिहीर,

गावच्या घराचा जो फोटो मी तुम्हाला पाठवला, त्यात पडवीच्या भिंतीवर, खिडकीशेजारी, एक काळपट डाग दिसतो. सईने तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "आजी, तिथे ओल आली आहे का?" फोनवर मी "बघते" म्हणाले, कारण खरं उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. तो डाग हवालदार तात्यांच्या पाठीचा आहे. कसा पडला ते आता सवडीने लिहिते.

साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आणि तुमचे आजोबा कडेगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी राहायला गेलो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तात्यांचं घर आमच्या समोर, मध्ये फक्त बोळ. फौजेतून हवालदार होऊन परतलेला, साठीच्या आसपासचा, वाळलेल्या बाभळीसारखा काटक माणूस. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तिथे ते रबरी पाय लावत आणि काठी न घेता चालत.

त्यांचा विश्वास कुणावरच नव्हता. चहा दिला की आधी बशीत ओतून वास घेत. बाजारातून आणलेली वांगी घरी स्वतःच्या ताजव्यात पुन्हा जोखत. बाहेर जाताना फाटकाच्या कडीत उसाचं एक वाळलेलं पान अडकवून जात आणि परत आल्यावर ते तसंच आहे का हे पाहूनच आत शिरत. कुणाच्याही घरी गेले की पहिल्यांदा भिंत शोधत आणि तिला पाठ लावूनच बसत. खुर्ची दिली तर ती ओढून भिंतीला नेत. मी एकदा कारण विचारलं.

"बाई, म्होरचं डोळ्याला दिसतंय. मागचं न्हाई. म्हणून मागं भिंत ठेवायची."

त्यांच्या बायकोला, शालनवहिनींना, हे सगळं पाठ होतं. त्या हसून म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट धरला तवाबी ह्यांनी वाकून बघितलं, नवरी दावली तीच हाय का ते!"

"मग? बघायला नको?" तात्या गंभीरपणे म्हणत.

गावाची समजूत होती की पाय सीमेवर गेला. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला त्यांना दरवर्षी बोलावणं येई आणि ते दरवर्षी नाही म्हणत. लोक म्हणत, गर्व आहे. मलाही तसंच वाटायचं. शेवटी वहिनींनीच मला एकदा सांगितलं की पाय निवृत्तीनंतर गेला, उसाच्या ट्रॉलीखाली, घरच्याच रानात. "लोकांनी सीमेवरचा म्हणून हार घालायचा, आन् ह्यांनी तो घालून घ्यायचा? जमायचं न्हाई त्यास्नी." हे मी तुम्हाला मुद्दाम आधी सांगते आहे. असा माणूस खोटं बोलेल असं कुणाला वाटेल? मलाही वाटलं नव्हतं, निदान सुरुवातीला.

एका दिवाळीनंतर सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून मधुरा मॅडम गावात आल्या. वय तिशीच्या आतलं, पाठीला सॅक, बोलणं भरभर. त्यांनी एक नवीन पाय तयार केला होता, वजनाने हलका, टाचेपाशी पातळ पट्टीसारखा लवणारा, वरून पावलाच्या आकाराचं कातडी रंगाचं रबर. तो लावून माणूस किती स्थिर चालतो, तोल कुठे जातो, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी पाय गमावलेली काही माणसं हवी होती. सहा महिने पाय वापरायला मिळणार, मधूनमधून कॉलेजात जाऊन चालून दाखवायचं आणि घरी दर आठवड्याला एक वही भरायची. वही इंग्रजीत होती, म्हणून मॅडमनी ती भरायचं काम माझ्याकडे दिलं. प्रत्येक पानाखाली "नोंद घेणाऱ्याची सही" अशी जागा होती. ती सही माझी.

तात्यांनी आधी मॅडमचीच तपासणी केली.

"तुमी कुठल्या?"

"साताऱ्याची."

"साताऱ्यात कुठं?"

"सदर बझार."

"तिथलं टपाल हापिस कंच्या अंगाला?"

मॅडमनी सांगितलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, मगच त्यांनी फॉर्म हातात घेतला. पाय कशाने गेला या प्रश्नावर म्हणाले, "ती चवकशी नव्या पायाला लागत न्हाई. म्होरचं लिवा."

नवा पाय घरी आला तेव्हा त्यांनी तो ताजव्यात जोखला, उलटा करून वाकवला, कानाशी धरून वाजवला. जुन्या रबरी पायाला ते "म्हातारा" म्हणत. नव्याचं नाव त्यांनी "पाव्हणा" ठेवलं.

"पाव्हणा का हो?" मी विचारलं.

"जो येतो त्यो जातो, बाई. सहा म्हैन्यांनी न्हेणारच. किंवा त्याच्या आधी, कायतरी खुसपट काढून."

पण पाव्हण्याने त्यांचं आयुष्य बदललं हे बोळातून मला रोज दिसत होतं. म्हातारा जड होता. अर्ध्या तासात तो कातडी सोलायचा. त्यामुळे तात्या आपल्या उसाच्या बांधापर्यंत जात आणि तिथे उभं राहून गड्याला ओरडून सांगत, हे दार मोड, ते बांध. पाव्हणा आल्यापासून ते स्वतः दारं धरायला जाऊ लागले. तुम्हाला कळावं म्हणून सांगते, पाटाचं पाणी उसाच्या दोन ओळींमधल्या एका सरीत सोडायचं, ती भरली की खोऱ्याने तिचं तोंड बुजवून पुढच्या सरीत वळवायचं, याला दारं धरणं म्हणतात. सकाळी सहाला गेलेला माणूस अकराला घामाने निथळत घरी येई आणि वहिनींना सांगे, "आज समदं म्या पाजलं. एकट्यानं." हे वाक्य मी बोळातून कितीतरी वेळा ऐकलं.

पहिल्या तपासणीला मीही बरोबर गेले होते, भाषांतराला. लांब खोली, भिंतीवर कॅमेरे, जमिनीवर एक लांब पट्टा आणि त्याच्याखाली पावलाचा दाब मोजणारं यंत्र. तात्यांच्या गुडघ्याला, कमरेला, खांद्याला चमकणारे मणी चिकटवले. पडू नये म्हणून छताला टांगलेला पट्टा छातीला बांधला.

"हे कशाला?" तात्यांनी विचारलं.

"तुम्ही पडलात तर धरायला."

"म्हंजे पाडणार हाय तुमी."

"नाही हो तात्या. नेहमीसारखं चाला फक्त."

तात्यांनी छाती काढली, हनुवटी वर केली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खाड खाड परेड केली. वळले, सॅल्यूट ठोकणार तोच थांबले. मॅडम संगणकाकडे बघत म्हणाल्या, "तात्या, परेड नको. घरी चालता तसं."

"कॅमेरा लावून घरच्यावानी कोण चालतंय?"

मग डोळे मिटून एका फळीवर उभं राहायचं होतं. फळी बाजूला किंचित सरकायची आणि माणूस तोल कसा सावरतो ते मोजायचं. तात्यांनी एकच डोळा मिटला. मॅडमच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. परत येताना मी विचारलं तर म्हणाले, "डोळं मिटायला सांगायचं आन् मग ढकलायचं. ह्याला आमच्यात घात म्हणत्यात. एक डोळा उघडा ठेवला तर माझं काय चुकलं?"

त्या दिवशी तात्यांचे आकडे उत्तम आले. मॅडम खुश होत्या.

मग रविवार सुरू झाले. तात्या त्या दिवशी रानातून लवकर परतून दहाच्या ठोक्याला आमच्या पडवीत येत, खुर्ची भिंतीला लावत, पाठ टेकत. मी वहीतला प्रश्न मराठीत विचारत असे.

"या आठवड्यात किती वेळा पडलात?"

"शून्य."

"अडखळलात?"

"शून्य."

"कुठल्या जमिनीवर जास्त चाललात? सिमेंट, डांबर, गवत, चिखल?"

"समदीकडं."

मी शून्य लिहायची, सही करायची, तारीख टाकायची. पहिले दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी ते उठून गेल्यावर मला भिंतीवर काळ्या मातीचा ठसा दिसला. दोन खांद्यांच्या मधोमध येईल असा, तळहाताएवढा. मी ओल्या फडक्याने पुसला. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी जरा मोठा.

मी शाळेत तीस वर्षं कॉपी पकडली आहे. पोराचं उत्तर बरोबर असण्यापेक्षा त्याच्या बाहीवरची शाई मला जास्त सांगायची. तात्या रानातून आले की हात धूत, गुडघे झटकत, तोंडावर पाणी मारत. पुढून माणूस अगदी स्वच्छ. पण पाठ माणसाला स्वतःला दिसत नाही. पाठीला काळी माती लागायची तर माणूस मागे, उताणा पडला पाहिजे. तोही ओल्या रानात.

मी वहिनींना सहज विचारल्यासारखं विचारलं, "धुणं वाढलंय का हो हल्ली?"

त्यांनी बालदी खाली ठेवली. "मला काय इचारू नगा बाई," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग मी भिंत पुसणं बंद केलं. पुरावा पुसायचा नसतो. दर रविवारी तात्या त्याच जागी येऊन बसत, ठसा गडद होत जाई आणि मी समोर बसून शून्य लिही. त्यांना विचारावं असं मनात येई. पण मग ते मला काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. बाईसुद्धा कॉलेजवाल्यांतल्याच निघाल्या, असं. खरं सांगायचं तर मला ते अकराला घामाने निथळत येणंही बघायला आवडत होतं. म्हणून मी गप्प बसले. पानापानावर माझी सही आहे, हे तुम्ही दोघांनी विसरू नका.

संक्रांतीनंतर दुसरी तपासणी झाली. त्या दिवशी तिथे आटपाडीच्या बाजूच्या, मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातल्या हौसाबाई आल्या होत्या. सापाच्या विषाने पाय कापावा लागला होता. त्यांना नवा पाय त्या दिवशी मिळणार होता. तो बसवून मॅडमनी पट्ट्यावर चालायला सांगितलं तर त्यांनी आधी पायातले कॅनव्हासचे बूट काढायला घेतले.

"बूट राहू द्या, हौसाबाई."

"आवं, गालिच्यावर पायताण घालून कशी चालू? बरं दिसतंय का ते?"

"चालतं. घाला."

त्या संकोचून चालल्या. नंतर बाहेर बाकावर तात्यांच्या शेजारी येऊन बसल्या. तात्यांची पाठ भिंतीला होतीच.

"दादा, तुमी फौजी ना?"

"व्हय."

"मॅडम काय, चांगलंच सांगणार. त्यांचीच वस्तू. तुमी सांगा, धरतोय का ह्यो पाय? मला माळाचं एवढं न्हाई, काठी असती. घरात भ्या वाटतं. चुलीपाशी वावरायचं, कडंवर नात असती माझ्या. पडलो तर दोघी पडू."

तात्या समोरच्या झाडाकडे बघत होते. मॅडम दारात उभ्या होत्या, त्या ऐकत आहेत की नाहीत हे मला कळेना. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"धरतोय," ते म्हणाले.

हौसाबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. "मग झालं! फौजी माणूस खोटं कशाला बोलंल?"

परतीच्या एस.टी.त तात्या खिडकीबाहेर बघत होते. कंडक्टरने सुट्टे मागितले तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

पुढच्या रविवारी ते दहाऐवजी नऊलाच आले. बसले नाहीत. पडवीच्या मध्यावर उभे राहिले, सदऱ्याच्या आतल्या खिशातून रबर बँड लावलेली छोटी डायरी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"ह्यात खरं हाय."

मी उघडली. फौजेतल्या रोजनाम्यासारखी आखलेली पानं. तारीख, वेळ, जागा, कारण. "सकाळी ७. तिसरी सरी. ओलं. बूट काढलेले. मागं पडलो." "सकाळी ९. पाटाजवळ. ओलं. बूट काढलेले. मागं पडलो." एकही पडणं सुटलेलं नव्हतं. ज्या माणसाने मला आठवडेच्या आठवडे शून्य सांगितलं, त्याने रोज घरी बसून खरं लिहून ठेवलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाव्हण्याला न्यायला गाडी आली असती. आन् तुमाला कळलं न्हवतं व्हय? त्या भिंतीवर काय हाय ते मला दिसत न्हाई असं वाटलं तुमाला?"

मी भिंतीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. त्यांनीही मला पकडलं होतं.

"फोन लावा," तात्या म्हणाले. "मॅडमला मागनं. आधी हौसाबाईला."

मॅडमनी दिलेल्या कागदांत सगळ्यांचे नंबर होते, त्यातून मी हौसाबाईंचा लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते फोन तोंडासमोर धरून ताठ उभे राहिले.

"हौसाबाई, म्या हवालदार बोलतोय. त्या दिवशी म्या तुमाला खोटं बोललो. पाय धरत न्हाई. बूट काढल्यावर मागं पाडतोय. घरात नातीला कडंवर घेऊ नगा."

पलीकडे शेरडं ओरडत होती. मग हौसाबाईंचा आवाज आला, "व्हय? मला तवाच वाटलं. फौजी माणूस इतकं गोड कवा बोलतंय? म्या अजून घरात घातलाच न्हाई, दादा. पेटीवर ठेवलाय."

तात्यांनी फोन मला परत दिला. त्यांच्या कपाळावर घाम होता. "माझ्यापेक्षा हुशार हाय," म्हणाले.

मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. डायरी वाचताना त्या दोन शब्दांवर थांबल्या आणि मग प्रत्येक पानावर त्याच शब्दांवर बोट ठेवत गेल्या.

"बूट काढलेले? तात्या, तुम्ही बूट का काढता?"

तात्या त्यांच्याकडे बघतच राहिले. "पाणी पाजताना? भिजल्या रानात पायताण घालून कोण जातंय?"

"पण त्या पायाला काटा लागत नाही, चिखल लागत नाही..."

"म्हणून काय एका पायात बूट घालून जाऊ?"

मॅडमनी मग आम्हाला समजावलं. तो पाय बुटाच्या टाचेची उंची धरून बसवला होता. बूट काढला की टाच तेवढी खाली जाते आणि अख्खा पाय मागे कलतो. आपला घोटा वाकून सावरून घेतो, त्या पायाला ते जमत नाही. सुक्या जमिनीवर भागून जातं, ओल्या सरीत नाही. कॉलेजात सगळे बूट घालून चालले, म्हणून सगळ्यांचे आकडे चांगले आले. वहीत जमीन कुठली हे विचारलं होतं, पायात काय आहे हे विचारलंच नव्हतं.

"हे मला सुचायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "हौसाबाई माझ्यासमोर बूट काढत होत्या आणि मी त्यांना घालायला लावले."

मलाही सुचायला हवं होतं. तात्यांचे बूट बांधाच्या टोकाला जोडीने काढून ठेवलेले मी रोज बघत होते.

मग मॅडम जरा अवघडून म्हणाल्या, "तात्या, पाय न्यावा लागेल. नव्याने करायचा आहे. परत आणून देईन."

तात्यांनी मला डोळ्यांनीच विचारलं, म्या काय म्हणत होतो? मोठ्याने म्हणाले, "न्ह्या." ओट्यावर बसून त्यांनी पाव्हणा सोडला, फडक्याने पुसला आणि स्वतःच्या हाताने सॅकमध्ये ठेवला. पण ठेवायच्या आधी, मॅडम वही भरत असताना, त्यांनी खिळ्याने त्याच्या तळव्यावर एक बारीक खूण केली. ती फक्त मी पाहिली.

त्यानंतरचे आठवडे तात्या म्हाताऱ्यावर बांधापर्यंत जात आणि गड्याला ओरडत. अकराला येत तेव्हा घाम नसे. वहिनी दोनदा मला येऊन विचारून गेल्या, मॅडमचा फोन आला का. आला नव्हता. मी फोन केला तर "काम चालू आहे" एवढंच उत्तर. रविवारी तात्या सवयीने दहाला येत, भिंतीला पाठ लावत आणि बोळाच्या तोंडाकडे बघत बसत. माझ्याही मनात यायला लागलं होतं की मॅडमना डायरी हवी होती, ती मिळाली.

शिमगा झाल्यावर एका सकाळी त्या आल्या. पाय हातात देताच तात्यांनी तो उलटा केला, खूण पाहिली. मग ताजव्यात जोखला.

"वजन वाढलंय."

"घोट्यात एक कळ बसवली आहे. बूट काढलात की ती फिरवायची, मग टाच त्या मापाला बसते."

"बघू."

आम्ही तिघी त्यांच्याबरोबर रानाकडे गेलो, वहिनी, मॅडम आणि मी. पाटाला पाणी होतं. बांधाच्या टोकाला तात्यांनी दोन्ही बूट काढून जोडीने ठेवले, वाकून कळ फिरवली. मॅडमनी वही उघडली. मग वही काखेत धरली, आपलेही बूट काढले आणि तात्यांच्या बुटांशेजारी ठेवले.

"मी मागून येते."

तात्या थबकले. मागून कुणी चालत येणं त्यांना खपत नसे, हे मी आणि वहिनी दोघी जाणत होतो. त्यांनी मॅडमच्या उघड्या पावलांकडे पाहिलं, चिखलात बोटं रुतली होती.

"तुमी पडला तर म्या धरणार न्हाई," ते म्हणाले, खोरं खांद्यावर टाकलं आणि वळले.

पुढच्या महिन्यात माझे गुडघे दुखायला लागले आणि मी साताऱ्याला राहायला आले. त्या सकाळनंतर मी तात्यांना पाहिलेलं नाही. शेवटचं पाहिलं ते पाठमोरं. तिसऱ्या सरीच्या अरुंद वरंब्यावरून, पाण्याच्या कडेने ते चालत गेले, मॅडम चार पावलं मागे, आम्ही दोघी बांधावर. आमच्या सगळ्यांकडे त्यांची पाठ होती. त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. टोकापर्यंत गेले, खोऱ्याने दार मोडलं, दुसरं बांधलं आणि पुढच्या सरीत उतरले. शालनवहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. ऊन वर आलं होतं आणि तात्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर मातीचा एक ठिपकाही नव्हता.

तुमची,
आजी